रक्ताचा जमाखर्च

परळला आमच्या बँकेची शाखा पहिल्या मजल्यावर होती. सव्वीस पायऱ्या. त्या मी मोजायला लागले १९९८ साली. त्याआधी मोजायची गरजच पडली नव्हती. तेराव्या पायरीला थांबायचं, पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करायचं, श्वास जागेवर आला की पुढे चढायचं. मी तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. घर, लोकल, बस, बँक, परत घर. दमायला होतं, असं मी कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं असे. बाईच्या जातीला एवढं व्हायचंच.

मलाही ते पटायचं, कारण मी आईला पाहिलं होतं. सगळ्यांची पानं झाल्यावर ती जेवायला बसायची. पातेल्यात भाजी उरली तर उरली, नाहीतर ताक-भात. दुपारी ती भिंतीला टेकून बसली की बराच वेळ उठायची नाही. तिचा चेहरा, ओठ, नखं सगळं फिकट. आम्ही भावंडं आई गोरी आहे असं समजत होतो. ते गोरेपण नव्हतं, हे कळायला मला स्वतःचा रक्ताचा अहवाल हातात यावा लागला. हिमोग्लोबिन ७.४. बाईमाणसाचं ते १२ च्या वर असायला हवं.

एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या तीन महिने नेमाने घेतल्या आणि पुन्हा रक्त तपासलं. ७.८! हिशेब जुळेना. मग मैत्रिणीच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गोळीचं नाव नंतर विचारलं. आधी विचारलं, मी सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाते, केव्हा खाते, आणि गोळी कशाबरोबर घेते. उपाशीपोटी मळमळतं म्हणून मी ती सकाळच्या चहाबरोबर घेत होते. तिथेच चोर सापडला. चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यातून रक्तात जाऊ देत नाहीत. तीन महिने मी एका हाताने भरणा केला होता आणि दुसऱ्या हाताने तो परत फिरवला होता.

बाईला ती काय खाते हे आधी विचारायचं, हा प्रश्न आज साधा वाटतो. पण हाच प्रश्न घेऊन सत्तर वर्षांपूर्वी एक इंग्रज डॉक्टर बाई याच परळमध्ये आल्या होत्या. ज्या हाफकिन संस्थेच्या फाटकावरून मी रोज जात होते, तिथे त्या काम करत होत्या. त्यांचं नाव डॉ. लुसी विल्स. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असतं. आपल्या घरातल्या गरोदर मुलीसुना ज्या गोळ्या घेतात, त्यांतल्या एका घटकाचं मूळ या बाईंच्या मुंबईतल्या कामात आहे. निवृत्तीनंतर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले, आणि वाटलं, हे आपल्या घराघरात माहीत असायला हवं.

लुसीचा जन्म १० मे १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. घराणं खाऊनपिऊन सुखी. आजोबांनी विळे-कोयते बनवण्याचा कारखाना घेतला होता आणि वडील तो चालवत. रक्ताचा अभ्यास करायला निघालेली मुलगी लोखंडाच्या घरात जन्मली, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. आजोबांचे भाऊ सर आल्फ्रेड विल्स हे नामांकित गिर्यारोहक आणि न्यायाधीश. ऑस्कर वाइल्डला १८९५ साली शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. आईचे वडील डॉक्टर. वडिलांना वनस्पती, प्राणी, दगडधोंडे यांचं वेड, आणि ते मुलांनीही उचललं. भाऊ पुढे भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. लुसी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली. १९११ साली परीक्षा उत्तीर्ण झाली, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिजमध्ये बायकांना परीक्षा देता येई, पदवी मात्र मिळत नसे. ती मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं.

त्याच १९११ मध्ये वडील गेले. दोन वर्षांनी बहीण एडिथ गेली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. पाठोपाठचे हे दोन घाव. पुढे काय करायचं हे ठरत नव्हतं. १९१४ साली ती दक्षिण आफ्रिकेत असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. केपटाऊनच्या एका रुग्णालयात तिने काही आठवडे स्वयंसेविका म्हणून परिचारिकेचं काम केलं, आणि बहुधा तिथेच मनाचा निश्चय झाला. १९१५ च्या जानेवारीत, सव्वीस वर्षांची असताना, तिने लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं. १९२० साली ती डॉक्टर झाली, तेव्हा वय बत्तीस. ज्या वयात आपल्याकडे बाईचं शिकायचं वय सरलं असं धरतात, त्या वयात या बाईंनी सुरुवात केली.

या महाविद्यालयाचं हिंदुस्थानाशी जुनं नातं होतं. डॉ. जेरुशा झिराड तिथे शिकून १९१९ साली स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रातली पदवी घेऊन आल्या होत्या. बेने इस्रायली समाजातल्या, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या, पुण्यात शाळा शिकलेल्या. १९२८ साली मुंबईच्या कामा हॉस्पिटलची सूत्रं त्यांच्या हाती आली. आणि त्याच १९२८ साली डॉ. विल्स मुंबईत उतरल्या.

त्यांना बोलावलं होतं डॉ. मार्गारेट बॅल्फोर यांनी. बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी तेव्हा हाफकिनमध्ये सुरू होती. एक विचित्र आजार पुढे आला होता. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडायची, अंगाला सूज यायची, आणि पुष्कळदा बाळ-बाळंतीण दोघंही जायची. गिरणगावातल्या कामकरी बायकांत, गोरगरिबांच्या वस्त्यांत याचं प्रमाण मोठं होतं. लोहाच्या कमतरतेने पांढरी पडलेली बाई असेल तर तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिक्या दिसतात. या बायकांच्या पेशी मात्र उलट, नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. अशा रुग्णाला लोह देऊन उपयोग नव्हता.

मग कारण काय? डॉ. विल्स यांनी आधी जंतुसंसर्गाचा माग घेतला. काही हाती लागलं नाही. म्हणून त्यांनी मोर्चा वळवला स्वयंपाकघराकडे. मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, कशा घरात राहतात, याची पाहणी त्यांनी केली. १९३० साली छापलेल्या या पाहणीच्या निबंधावर विल्स यांच्या शेजारी तळपदे हे अस्सल मुंबईकर नाव आहे, आणि आधीच्या निबंधावर मेहता हे नाव. परदेशी बाईला चाळीतल्या चुलीपर्यंत एकटीने पोचता आलं नसतं, हे उघड आहे. पाहणीत दिसलं ते असं, की आहार जितका निकृष्ट तितका हा आजार अधिक. गरीब मुसलमान बायकांचा आहार सर्वांत तोकडा होता आणि त्यांच्यातच आजार सर्वांत जास्त होता. दोष बाईच्या जातीत नव्हता, तिच्या ताटात होता.

पण ताटात नेमकं काय कमी? त्यांनी उंदरांना तसाच निकृष्ट आहार दिला. उंदीर पांढरे पडले, गाभण माद्या विण्याआधीच मेल्या. अन्नात यीस्ट, म्हणजे आंबवण्याचं किण्व, घातलं की आजार टळायचा. इतकं सरळ चाललेलं असताना घोटाळा निघाला. उंदरांच्या अंगावर उवा होत्या, आणि त्या उवांतून आलेल्या संसर्गानेही त्यांचं रक्त कमी होत होतं. कष्टाने मांडलेला हिशेब असा मधेच फिसकटला की माणूस खचतं. बाईंनी वही नव्याने उघडली आणि माकडांवर प्रयोग सुरू केले. एकीकडे रुग्ण बायकांवर उपचार चालूच होते. काळजाचा, म्हणजे लिव्हरचा, अर्क दिला की या बायका सुधारत. पण तो महाग. परळच्या चाळीतल्या बाईला तो परवडणार कसा? स्वस्तातलं काहीतरी हवं होतं, आणि ते मिळालं एका बरणीत.

मार्माइट नावाचा काळपट, खारट, चिकट पदार्थ इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात. बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टपासून तो बनतो. आवडीने खाणारे थोडे, नाक मुरडणारे फार. हा मार्माइट त्यांनी आजारी माकडाला दिला, आणि ते सुधारलं. मग गरोदर बायकांना दिला. काही दिवसांतच रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी वाढताना दिसू लागल्या, भूक परतली, चेहऱ्यावर रंग आला. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

यातली खरी मेख त्यांनी पुढच्या काळात उलगडली. पर्निशियस ॲनिमिया नावाचा याच्यासारखाच दिसणारा एक आजार आहे. त्यावर लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क लागू पडे. मुंबईच्या बायकांना मात्र तो लागू पडेना. कच्चा अर्क मात्र चाले. म्हणजे शुद्ध करताना जे गाळून फेकलं जात होतं, त्यातच या बायकांचं औषध होतं. त्या अनामिक द्रव्याला जग विल्स फॅक्टर म्हणू लागलं. १९४१ साली अमेरिकेत ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पानावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार केलं लेडर्ली कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी. त्या चमूचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. परळच्या बायकांच्या रक्तापासून सुरू झालेला शोध एका भारतीयाच्या हाताखाली तडीला गेला.

१९३३ साली विल्स लंडनला रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये परतल्या. त्याआधी कुन्नूर आणि मद्रास इथेही त्यांनी काम केलं होतं. १९३७ च्या अखेरीस पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनला आल्या, त्या वेळी समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने, पाच दिवसांचा प्रवास करून. मग दुसरं महायुद्ध. १९४४ च्या जुलैमध्ये त्यांच्या रुग्णालयावर उडता बॉम्ब पडला, माणसं दगावली, आणि थोड्याच दिवसांत प्रयोगशाळा पुन्हा चालू झाली. या धामधुमीत त्यांनी हात घातला तो आपल्या आजच्या विषयाला, लोहाला. युद्धातल्या रेशनमुळे आणि सर्वांना सरसकट लोह दिल्यामुळे गरोदर बायकांच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो, याचा त्यांचा अभ्यास १९४७ साली छापून आला. मुंबईत लोहाने न सुटणारं कोडं सोडवलेल्या या बाईंनी लंडनमध्ये लोहाचं माप घेतलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुठल्याही एका औषधाच्या त्या भक्त नव्हत्या. मोजायचं, द्यायचं, पुन्हा मोजायचं, एवढीच त्यांची रीत.

१९४७ सालीच त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे आहार आणि रक्तक्षय यांचा अभ्यास केला. चेल्सीमध्ये मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या. लग्न केलं नाही. डोंगर चढण्याची हौस होती, आणि कामावर त्या सायकलने जात. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचं निधन झालं. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यातले जन्मजात दोष बऱ्याच अंशी टळतात, हे १९९१ साली पक्कं सिद्ध झालं. ते ऐकायला त्या नव्हत्या.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या सरकारने १९७० साली गरोदर बायकांना आणि मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र देण्याची योजना सुरू केली. आज अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या गोळीत हे दोन्ही असतात. तरीही २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न भारतीय बायकांचं रक्त कमी निघालं. गोळी आहे, पैसा फारसा लागत नाही, मग घोडं अडतं कुठे?

मी बँकेत आयुष्य काढलं, म्हणून मला ते खात्यांच्या भाषेत समजलं. हिमोग्लोबिन म्हणजे आपलं चालू खातं, रोजचा व्यवहार त्यातून चालतो. शरीरातल्या लोहाची मुदत ठेव वेगळी असते. फेरिटिन नावाच्या तपासणीत ती कळते. खर्च वाढला की शरीर आधी मुदत ठेव मोडतं. चालू खात्यात शिल्लक ठीक दिसत राहते, आणि बाई मात्र दमत असते, केस गळत असतात, चित्त थाऱ्यावर नसतं. हिमोग्लोबिन घसरतं ते ठेव संपल्यावर. उपचारात क्रम उलटा. आधी चालू खातं भरतं. तेवढ्यावर बरं वाटलं की आपण गोळी सोडतो, आणि ठेव रिकामीच राहते. म्हणून हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला डॉक्टर सांगतात.

शिवाय आवक मुळातच बेताची. निरोगी माणूस दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोहच काय ते शोषून घेतो. मांस-मच्छीतलं लोह सहज शोषलं जातं, डाळी-भाज्यांतलं अवघड जातं. त्याला मदत लागते क जीवनसत्त्वाची. पोह्यांवर लिंबू पिळणं, उसळीबरोबर कोशिंबीर, जेवणानंतर आवळा किंवा पेरू, यांत आजीच्या हाताची चव होती आणि शहाणपणही. लोखंडी कढईत आमसुलाची किंवा टोमॅटोची आंबट भाजी शिजवली तर कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. बाजरी, कडधान्यं, अळीव, तीळ यांचा फायदा होतो. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. गुळाचं मात्र आपण जरा जास्तच कौतुक करतो. आणि पालक? त्यातलं लोह अंगी फार थोडं लागतं. त्याची खरी देणगी आहे फॉलिक ॲसिड. पालकाचं श्रेय आपण चुकीच्या खात्यात जमा करत आलो.

चहा-कॉफी जेवणाच्या आधी-नंतर तासभर लांब ठेवावी. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी घेऊ नये. लोहाने शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नये. मळमळ, बद्धकोष्ठ झालं तर गोळी फेकून न देता डॉक्टरांना सांगावं. ते गोळी बदलतात किंवा एका दिवसाआड देतात. दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं, असं अलीकडच्या काही अभ्यासांत दिसलं आहे. कारण लोह मिळालं की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडून काही काळ दार लोटून घेतं.

आणि विल्सबाईंचा धडा विसरू नये. रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असं नसतं. फॉलिक ॲसिड कमी असू शकतं. शाकाहारी माणसांत बी १२ कमी असू शकतं, आणि तेव्हा नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसून मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशीही लहान असतात, पण त्याला लोहाची गरज असेलच असं नाही. लोह खरोखरच कमी असेल तर ते गेलं कुठे हेही शोधायला हवं. माझ्या बाबतीत महिन्याचा रक्तस्राव बेसुमार होता, आणि तो मी कुणाला सांगितलाच नव्हता. पाळी गेलेल्या बाईचं किंवा कुठल्याही पुरुषाचं लोह कमी निघालं तर पोटात कुठे रक्त झिरपतंय का, ते पाहावंच लागतं. बाजारातून टॉनिकची बाटली आणून भागत नाही.

माझं हिमोग्लोबिन बारावर यायला पाच महिने लागले. एके दिवशी शाखेत खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं, आज पायऱ्या मोजल्याच नाहीत.

आईला हे काही मिळालं नाही. तिचं रक्त कुणी तपासलं नाही, ती काय खाते हे आम्हीही कधी विचारलं नाही. भिंतीवरच्या फोटोत ती अजून तशीच गोरी दिसते.

आमच्या सुनेला सातवा महिना लागला आहे. दुपारचं जेवण झालं की सवयीने ती चहाचं आधण ठेवायला उठते, आणि मी घड्याळाकडे बघते. तिला आता माझी सवय झाली आहे. ती हसते, गॅस बंद करते आणि पुन्हा येऊन बसते. जेवायला मात्र तिचं पान आम्ही आधी घेतो.